तीन वह्या आणि एक सुबक पहिलं प्रकरण

सप्रेम नमस्कार,

गेली दोन वर्षं एक कादंबरी लिहिते आहे. तीन वह्या भरल्या, सगळी मिळून तीनशेच्या वर पानं होतील. गोष्ट निम्म्याच्या थोडी पुढे आली आहे. मध्यंतरी भाच्याने लॅपटॉप आणून दिला आणि म्हणाला, "मावशी, शेवटी सगळं टाइप करायचंच आहे, मग दुप्पट काम कशाला? थेट यावरच लिही." मला पटलं. वह्या बाजूला ठेवल्या आणि पहिल्या प्रकरणापासून टाइप करायला बसले. त्याला चार महिने झाले. आज माझ्याकडे अगदी सुबक पहिलं प्रकरण आहे आणि त्यापुढे काहीच नाही. रोज फाइल उघडते, पहिल्यापासून वाचते, चार शब्द इकडचे तिकडे करते आणि वेळ संपतो.

आमच्या लेखनगटातले एक जण म्हणतात, हाताने लिहिलं की मेंदू जास्त चालतो हे संशोधनाने सिद्ध झालंय, तेव्हा टायपिंगचा नाद सोडा. दुसऱ्या एक जणी म्हणतात, हस्तलिखित आता कुणी उघडूनही बघत नाही. त्यात माझं मनगट दुखतं. तासभर सलग लिहिलं की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. वह्यांकडे परत जाऊ की टायपिंगची सवय लावून घेऊ? आणि या तीन वह्या कुणाकडून तरी टाइप करून घेऊ का?

– एक वाचक

नमस्कार ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. वह्यांकडे परत जा. जिथे थांबलात तिथूनच पुढे, चौथी वही घेऊन, गोष्टीचा शेवट येईपर्यंत हाताने लिहा. शेवट आला की लॅपटॉप उघडा आणि पहिल्या पानापासून सगळं स्वतः टाइप करा, कुणाला देऊ नका. हा सल्ला तुमच्या पत्रावरून, तुमच्यापुरता आहे. हाच प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर कदाचित मी "थेट कीबोर्डवर बसा" म्हटलं असतं. ते कुणाला, हेही पुढे सांगते.

तुमच्या पत्रातच उत्तर होतं. दोन वर्षांत निम्मी कादंबरी, आणि चार महिन्यांत एक प्रकरण, तेही आधी लिहून झालेलं. वहीत तुम्ही पुढे जाता, पडद्यावर मागे फिरता. यात तुमचा आळस नाही आणि टायपिंगचा वेगही आड येत नाही. पुष्कळांचं असंच होतं, आणि त्याची कारणं साधी आहेत. फाइल उघडली की ती बहुतेक वेळा पहिल्या पानावर उघडते, म्हणजे रोज सकाळी तुमची गाठ पडते ती पहिल्याच वाक्याशी. वहीत मात्र जिथे पेन थांबलं तिथेच पान उघडायची हाताला सवय असते. पडद्यावर कच्चा मजकूरसुद्धा छापल्यासारखा दिसतो, आणि छापल्यासारखा दिसला की आपण तो छापील मजकुराच्या निकषावर वाचतो. मग प्रत्येक 'आणि', प्रत्येक 'मात्र' डोळ्यांत खुपतं. वहीतलं अक्षर कच्चं दिसतं, म्हणून त्याला कच्चं राहायची मुभा मिळते. शिवाय पडद्यावर खोडण्याला काही कष्ट नाहीत. बोट दाबून धरलं की वाक्य गेलं, मागे खूणही राहिली नाही. जे इतकं सहज होतं ते माणूस करत राहतो.

तुमच्या दुसऱ्या वहीतलं कुठलंही एक पान आत्ता उघडून बघा. कुठे तरी एक शब्द खोडून वर दुसरा लिहिला असेल, तोही खोडून पहिलाच परत लिहिला असेल. समासात एक ओळ उभी लिहिलेली असेल आणि तिचा बाण तिसऱ्या परिच्छेदात घुसला असेल. एखाद्या जागी अक्षर पसरट, घाईचं झालं असेल: तिथे गोष्ट तुमच्या पुढे धावत होती. एखाद्या जागी शाई बदललेली असेल, म्हणजे तिथे तुम्ही थांबलात आणि दुसऱ्या दिवशी परत आलात. ही सगळी माहिती आहे. सहा महिन्यांनी पुनर्लेखनाला बसाल तेव्हा कुठला प्रसंग आपसूक आला आणि कुठला ओढूनताणून आणला हे ते पान तुम्हाला सांगेल. खोडलेला शब्दही खाली वाचता येतो, आणि पुष्कळदा तोच बरोबर होता असं लक्षात येतं. तुमच्या सुबक पहिल्या प्रकरणात यातलं काहीही उरलेलं नाही. ते प्रकरण कदाचित वहीतल्यापेक्षा चांगलं असेलही, पण ते कसं झालं हे आता तुम्हालाही सांगता येणार नाही.

आता संशोधनाचं. तुमच्या गटातल्या गृहस्थांनी ऐकलंय ते खोटं नाही, पण ते आपल्या कामाला लागू करताना जरा जपून. २०१४ साली अमेरिकेत मुलर आणि ओपनहायमर या दोघांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्याख्यान ऐकताना लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी जवळजवळ शब्दशः उतरवून घेतात, हाताने लिहिणारे निवडून आणि आपल्या शब्दांत लिहितात, आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे राहिले, असं त्यांना आढळलं. नंतर इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका ठळक दिसला नाही. २०२४ साली नॉर्वेतून आणखी एक अभ्यास आला. त्यात ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या आणि हाताने लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतला संपर्क जास्त व्यापक दिसला. पण त्या प्रयोगात विद्यार्थी सुटे शब्द लिहीत होते, आणि टायपिंग एकाच बोटाने करत होते. व्याख्यानाची टिपणं, सुटे शब्द आणि तीनशे पानांची कादंबरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कादंबरी हाताने लिहिली की ती चांगली होते असं यातल्या कुठल्याच अभ्यासाने म्हटलेलं नाही. मी तुम्हाला वहीकडे पाठवते आहे ते तुमच्या चार महिन्यांच्या पुराव्यावरून, आणि माझ्या दृष्टीने तो पुरावा या सगळ्यांपेक्षा मोठा आहे.

भाच्याचं 'दुप्पट काम' हे मला सगळ्यांत सविस्तर खोडून काढायचं आहे, कारण वरवर ते फार व्यवहारी वाटतं. हाताने लिहिलेलं टाइप करणं म्हणजे नक्कल करणं, असं तो धरून चालला आहे. प्रत्यक्षात तो तुमचा दुसरा खर्डा असतो. एक उदाहरण घेऊ. समजा वहीत असं वाक्य आहे:

"त्या दिवशी सकाळी ती खूप अस्वस्थ मनाने उठली आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत बराच वेळ तशीच उभी राहिली."

वहीत वाचताना यात काही चूक दिसत नाही. फाइलमध्ये असतं तर तुम्ही त्यावरून डोळे फिरवून पुढे गेला असता. पण तेच वाक्य शब्द शब्द करून पुन्हा टाइप करताना बोटांना प्रत्येक शब्दाचं ओझं जाणवतं. 'त्या दिवशी' कशाला, आपण त्याच दिवसात आहोत. 'खूप अस्वस्थ मनाने' कशाला, बाई उठून खिडकीपाशी तशीच उभी राहते यातच ते आलं. 'बाहेर बघत' कशाला, खिडकीतून आणखी कुठे बघणार? आणि पडद्यावर उमटतं: "सकाळी उठली आणि बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली." हे संपादन तुम्ही ठरवून केलेलं नसतं, ते कंटाळ्याने केलेलं असतं. नुसतं वाचताना हा कंटाळा येत नाही, पुन्हा लिहायला लागलं की येतो. म्हणून वह्या दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घेऊ नका. टाइप करणारा माणूस प्रामाणिकपणे 'खूप अस्वस्थ मनाने'सकट सगळं उतरवून देईल आणि तुम्हाला छापल्यासारखा दिसणारा पहिलाच खर्डा परत मिळेल. पानांचे फोटो काढून त्यातून मजकूर ओळखून घेणाऱ्या ॲपबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. जोडाक्षरं आणि अनुस्वार तपासत बसावं लागेल ते वेगळंच.

वेळेची भीती वाटत असेल तर हिशेब करून बघा. वहीच्या दहा पानांतले शब्द मोजा आणि सरासरी काढा. पानाला १३० शब्द निघाले तर तीनशे पानांचे झाले ३९,०००. पूर्ण कादंबरी ६५,००० शब्दांची होईल असं धरू. मिनिटाला २० शब्द हा अगदी सावकाश वेग झाला. त्या वेगानेसुद्धा ३,२५० मिनिटं, म्हणजे साधारण ५४ तास. रोज एक तास दिला तर दोन महिन्यांच्या आत संपेल. थांबून विचार करण्यासाठी तेवढेच आणखी धरा. पहिल्या प्रकरणावर गेलेल्या चार महिन्यांत संपूर्ण दुसरा खर्डा तयार होतो.

तोवर बोटं तयार करून ठेवा, कारण तेव्हा कळफलक शोधत बसलात तर वाक्याचा ताल जाईल. रोज वीस मिनिटं टाइप करा, पण कादंबरी नाही. पत्रं लिहा, दैनंदिनी लिहा, आवडलेला एखादा उतारा उतरवून काढा. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवायची पद्धत शिकायला सोपी आहे आणि निरोपांपुरती ठीक आहे. लांब लेखनाला ती मला खटकते, कारण मराठी शब्द आधी मनात रोमनमध्ये मांडायचा आणि मग पडद्यावर आलेल्या पर्यायांतून 'पाणी' की 'पानी' ते निवडायचं, यात लक्ष सतत वाक्यावरून शब्दावर घसरतं. त्याऐवजी इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाणित कळफलक शिका. त्यावर स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि आपण उच्चारतो त्याच क्रमाने कळा दाबायच्या: 'लिहिते' लिहायला आधी ल, मग वेलांटी, मग ह, पुन्हा वेलांटी. सुरुवातीचे काही आठवडे चिडचिड होईल, पण एकदा बसलं की बोटं आपली आपण जातात. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा, म्हणजे अक्षरं साठवायच्या अशा पद्धतीत, जी सगळ्या संगणकांवर सारखीच दिसते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसतो. आणि हो, तुमच्या त्या मैत्रिणीचं म्हणणं बरोबर आहे: प्रकाशकाकडे टाइप केलेली फाइलच जायला हवी. पण ती शेवटच्या खर्ड्याची गोष्ट झाली. पहिला खर्डा प्रकाशक बघत नाही, त्याच्यासाठी तो लिहायचाही नसतो.

थेट कीबोर्डवर कुणी लिहावं? माहितीपर पुस्तक लिहिणाऱ्यांनी, ज्यांना संदर्भ, आकडे, प्रकरणांची उलटापालट सतत करावी लागते. ज्यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांनाच लागत नाही त्यांनी. आणि ज्यांचा विचार हाताच्या पुढे पळतो आणि वहीत वाक्य पूर्ण होईपर्यंत पुढचं विसरतं, त्यांनी तर नक्कीच. अमेरिकन लेखक जॅक केरुअॅकने एप्रिल १९५१मध्ये कागद एकमेकांना चिकटवून केलेल्या सुमारे १२० फूट लांब गुंडाळीवर तीन आठवड्यांत कादंबरी टाइप केली ती याचसाठी, की पान बदलण्यातही खंड नको. ही गोष्ट सांगणारे दोन तपशील गाळतात. त्याआधी कित्येक वर्षं तो वह्यांत टिपणं करत होता, आणि ती कादंबरी छापून आली १९५७ साली, बऱ्याच फेरफारांनंतर. म्हणजे त्यालाही हात आणि यंत्र दोन्ही लागलेच.

कादंबरीकार नाबोकोवचा मार्ग मला स्वतःला फार आवडतो. तो छोट्या कार्डांवर पेन्सिलीने लिहायचा, मधला कुठलाही प्रसंग आधी, आणि कार्डांचा क्रम नंतर लावायचा. तुमच्या कादंबरीत पुढचा एखादा प्रसंग आत्ताच डोळ्यांसमोर स्पष्ट असेल तर तो सुट्या कागदावर लिहून वहीत ठेवून द्या. हाताने लिहायचं म्हणजे ओळीने पहिल्या पानापासूनच लिहायचं, असं कुठे आहे?

आता मनगट. हे मी शेवटी घेतलं खरं, पण यावर बाकी सगळं अवलंबून आहे. अंगठ्याच्या मुळाशी येणारी कळ अंगावर काढायची नसते. तिथल्या स्नायुबंधाला सूज असू शकते, सांध्याची झीज असू शकते, आणि दोन्हींचा उपचार वेगळा आहे, तेव्हा डॉक्टरांना दाखवा. टायपिंगकडे वळलं की ती आपोआप थांबेल असंही समजू नका, आणि फोनवर अंगठ्याने लांबलचक लिहिणं तर त्या जागेवर आणखी ताण देतं. तोवर पेन बदला: जाड दांडीचं, न दाबता लिहिणारं, जेल किंवा फाउंटन पेन. बॉलपेनवर आपण नकळत जोर देतो, इतका की मागच्या पानावर अक्षरं उठतात. तुमच्या वहीची पानं मागून बोटाने चाचपून बघा, कळेल. तासभर सलग लिहू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी पेन खाली ठेवा, हात मोकळा करा, मग पुन्हा बसा.

डॉक्टरांनी लिहायला साफ मनाई केली तर मात्र माझा वरचा सल्ला बदलतो. शरीरामुळे लिहिण्याची रीत बदलावी लागलेले पुष्कळ आहेत. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग १९९९च्या अपघातानंतर संगणकापुढे बसणं अवघड झाल्यावर फाउंटन पेनने अख्खी कादंबरी हाताने लिहून गेला. त्याच्या शंभर वर्षं आधीच्या हेन्री जेम्स या कादंबरीकाराचं उलट झालं: १८९७च्या सुमारास मनगटाच्या दुखण्याने त्याला पेन सोडावं लागलं आणि तो टंकलेखकाला सांगून लिहवून घेऊ लागला. त्यानंतरची त्याची वाक्यं लांबत आणि गुंतत गेली. कुणाला ती आवडतात, कुणाला नाही. बोलून लिहिलेल्या मजकुराचा पोत वेगळा होतो, एवढं त्यातून घ्यायचं. फोनला सांगून लिहिण्याचा मार्ग तुमच्यासाठीही खुला आहे, पण मग पुनर्लेखनात वाक्यं आखडायची तयारी ठेवावी लागेल.

आणि पडद्यावरच लिहायची वेळ आली तर पडद्याला वहीसारखं वागवा. रोज नवी फाइल, नाव म्हणून फक्त तारीख. कालची फाइल उघडायची नाही. कालचं शेवटचं वाक्य एका चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, आज तेच वर टाइप करून पुढे जायचं. एखादा शब्द अडला तर चौकटी कंसात 'इथे नीट शब्द' असं लिहून सोडून द्यायचं. खोडायची कळ त्या तासापुरती बंद. हा नियम मोडला जाईल, पण असला तर कमी मोडला जाईल.

वह्यांची एक काळजी घ्या. अमेरिकन लेखक हेमिंग्वेची पत्नी डिसेंबर १९२२मध्ये पॅरिसच्या स्टेशनवरून निघाली होती, तिच्या बॅगेत त्याचं तोवरचं जवळजवळ सगळं लेखन होतं. ती बॅग चोरीला गेली. कार्बन प्रती होत्या, पण त्याही त्याच बॅगेत. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलं. सुटकेच्या वेळी त्या वह्या सरकारकडेच राहिल्या, पुढे परत मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ छापून आला. तुमच्या वह्यांची आत्ता एकच प्रत आहे. पानांवर क्रमांक घाला, सगळ्या पानांचे फोटो काढा आणि ते फोनमध्येच न ठेवता आणखी एका जागी ठेवा, भाच्याला पाठवा. हे काम त्याला आनंदाने सांगा, लॅपटॉप त्यानेच दिलाय. यापुढे फक्त उजव्या पानावर लिहा. डावं पान मोकळं राहिलं की मागाहून सुचलेलं तिथे येतं आणि समासातले बाण कमी होतात.

सुबक पहिल्या प्रकरणाचं काय? ते छापून काढा, पहिल्या वहीत घालून ठेवा आणि फाइल बंद करा. तुम्ही वाक्य किती चांगलं घासू शकता हे त्यातून कळलंच आहे, दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी ते कामाला येईल. पण कादंबरीचा शेवट हाती आला की बहुतेकदा सुरुवात बदलावीच लागते, तेव्हा त्या प्रकरणावर आणखी एक दिवसही घालवू नका.

चौथी वही सुरू करताना मागच्या तिन्ही वाचायला बसू नका, तोही मागे फिरण्याचाच प्रकार आहे. तिसऱ्या वहीची शेवटची चार-पाच पानं वाचा, त्या प्रसंगात कोण कुठे उभं होतं तेवढं बघा आणि पुढचं वाक्य लिहा. डॉक्टरांकडे मात्र त्याआधी, याच आठवड्यात जाऊन या, आणि ते काय म्हणाले ते मला कळवा. लिहायला परवानगी नाही असं निघालं तर बोलून लिहिण्याबद्दल आपण पुन्हा सविस्तर बोलू.